तीन शिक्क्यांची मोटर: दहा महिने वापरल्यावर

भोसरीत आमचं छोटं वर्कशॉप आहे, फूड पॅकिंगचे कन्व्हेयर बनवतो. दोन वर्षांपूर्वी कॅनडाला गेलेल्या एका कन्व्हेयरला तिथल्या इन्स्पेक्टरने लाल टॅग लावला, म्हणजे मशीन चालवायला मनाई. मोटरीवर सीई हा सुरक्षेचा शिक्का होता, म्हणून मी निर्धास्त. पण सीई युरोपचं, आणि अशा मोटरीच्या बाबतीत ते बनवणाऱ्याने स्वतःच जाहीर केलेलं. कॅनडात ते कोण विचारतो! शेवटी जागेवर एसपीई-१००० या कॅनडाच्या नियमावलीप्रमाणे तपासणी करून घ्यावी लागली. तिचं बिल मोटरीच्या किमतीच्या कितीतरी पट.

त्या फटक्यानंतर गेल्या डिसेंबरात २ एचपीच्या, चार पोलच्या, आयई३ (वीज वाचवणाऱ्या वर्गातल्या) मोटरी घेतल्या. नेमप्लेटवर आयएसआय, सीई आणि उलट्या 'आर'ला चिकटलेला 'यू', एका बाजूला 'सी', दुसरीकडे 'यूएस': हा यूएल या अमेरिकन तपासणी संस्थेचा शिक्का, 'सी' म्हणजे कॅनडा, 'यूएस' म्हणजे अमेरिका. किंमत साध्या मोटरीच्या जवळपास दीडपट. 'स्टॉकला आहे' म्हणाले आणि सात आठवडे लावले.

पेटी फोडल्यावर आधी नंबर पाहिले. आयएसआयचा सीएम/एल (लायसन्स) नंबर बीआयएस केअर अ‍ॅपवर, 'ई'पासून सुरू होणारा फाइल नंबर यूएलच्या साइटवर. दोन्ही जुळले. याआधी कोटेशन दिलेल्या एकाचा फाइल नंबर टाकला तर भलत्याच कंपनीचे पंखे निघाले होते, त्यामुळे ही सवय लागली आहे.

मार्चमध्ये दुसरा कन्व्हेयर कॅनडाला गेला. इन्स्पेक्टरने मोटरीच्या प्लेटचा फोटो घेतला आणि सरळ पॅनलकडे वळला. पॅनलमध्ये एक दुरुस्ती सांगितलीच. यूएलचा हा शिक्का मशीनमध्ये बसवायच्या सुट्या भागाचा आहे, अख्ख्या मशीनचा नाही, हे गिऱ्हाइकाला आधीच सांगून ठेवा. तक्रार एकच: टर्मिनल बॉक्सचे आटे मेट्रिक. तिकडच्या कंड्युइटला (वायरीच्या पाइपला) एनपीटी, म्हणजे अमेरिकन पाइपचे आटे लागतात, अडॅप्टर आम्हालाच शोधावा लागला. आणि तिकडच्या ६० हर्ट्झ विजेवर (आपली ५०) पट्टा २० टक्के जोरात पळतो हे आम्ही विसरलो, पाकिटं उडाली. तो दोष मोटरीचा नव्हे.

एक मोटर टेस्टिंगसाठी इथेच ठेवली होती. मे महिन्यात दिवसभर लोडवर चालून बॉडी ६१ अंश, क्लॅम्प मीटरवर २.६ अँपियर. आवाज नाही. पण ऑगस्टच्या पावसात एक फेज गेला आणि ती जळली. आत थर्मिस्टर (मोटर तापली की इशारा देणारा सेन्सर) होता, त्याच्या दोन वायरी आमच्या वायरमनने टेप गुंडाळून तशाच सोडलेल्या. दोन दिवसांत शेजारच्या वाइंडरने नवीन तार भरून दिली, काम एकदम स्वच्छ. मात्र यूएलने मान्य केलेली असते ती तार, कागद आणि वार्निश यांची ठरलेली जोडणी. वाइंडरने त्याच्याकडचं वार्निश लावलं, तिथेच तो शिक्का संपला. सीएनसीच्या कूलंट पंपाला आता तीच मोटर लावली आहे. चुकून परदेशी मशीनवर चढू नये म्हणून 'सी-यूएस'वर मी काळी टेप मारून ठेवली आहे.