दिव्यांग पार्किंग आहे, पण त्यावर बुलेट आहे

परवा कोल्हापुरातल्या एका सरकारी हापिसात दाखल्यासाठी गेलो होतो. नाव लिहीत नाही, जे जातात त्यांना लगेच कळेल. 5 पैकी 2 स्टार, त्यातला एक वॉचमनला.

माझ्या डाव्या पायाला पोलिओ, कॅलिपर (पायाला आधार द्यायचा पट्ट्यांचा सांगाडा) आणि एक कुबडी, आणि गाडी म्हणजे मागं दोन साइड व्हील लावलेली स्कूटर. ही गाडी साध्या टू व्हीलरच्या रांगेत बसत नाही, आणि शेजारी कुणी चिकटून लावली की मला उतरता पण येत नाही आणि परत चढता पण. म्हणून ती वेगळी जागा लागते, हौस म्हणून नाही.

गेटमधनं आत गेलं की व्हीलचेअरचं पिवळं चित्र, एकदम झकास रंगवलंय. त्या चित्रावर एक बुलेट आणि डबा लटकवलेली कुणाची तरी मोपेड. वॉचमन म्हणाला, "पाच मिंटं थांबा की साहेब, स्टाफचीच हाय, आत्ता काढायला लावतो." पाचाची वीस झाली, पण काढली त्यानं. अंतर चांगलं आहे, दारापासनं जेमतेम वीस पावलं. रुंदी मात्र सहा फूट असेल नसेल. नियमात 3.6 मीटर आहे, म्हणजे जवळपास 12 फूट, कारण कारचं दार पूर्ण उघडून शेजारी व्हीलचेअर लावायची असते. रंगवणाऱ्याला डबा आणि ब्रश दिला, त्यानं रंगवलं, विषय संपला.

आता रॅम्प. तीन पायऱ्या आहेत, धरा दीड फूट उंची. 1:12 चा उतार, म्हणजे एक फूट उंचीला 12 फूट लांबी, म्हटला तर 18 फूट लांब पाहिजे, इथं सात फुटात उरकलाय आणि वर गुळगुळीत टाइल्स! आपल्याकडचा पाऊस लागला की कुबडीचं रबर तिथं टिकतच नाही, मी सरळ कठडा धरून पायऱ्याच चढलो. व्हीलचेअर असेल तर मागनं ढकलायला पैलवान लागेल, नशीब तालमींचं गाव आहे.

लिफ्ट आहे, चालू पण आहे (हे पण लिहायला लागतंय बघा), फक्त लिफ्टच्या आधी परत चार पायऱ्या आणि तिथं कठडा नाही. मी थांबलेलं बघून दोघं तिघं धावत आली, "धरा ओ दादांना, उचलूनच घेऊया". माणसं मनानं लई चांगली, त्याबद्दल काय बोलायचं नाही, पण गोची तीच आहे, कोण ना कोण उचलतंय म्हणून तिथं रॅम्प पाहिजे हे कुणाच्या डोक्यातच येत नाही, आणि चाळिशीतल्या माणसाला चारचौघांत काखेत हात घालून उचलल्यावर कसं वाटतं ते उचलणाऱ्याला कळत नाही. नको म्हटलं तर एक काकू म्हणाल्या, "लाजू नकोस रे बाळा." लाज नव्हे हो काकू.

वर साहेबांना म्हटलं, 2016 चा दिव्यांग हक्क कायदा आहे, नियम जून 2017 ला आले, त्यानंतर पाच वर्षांत जुन्या सार्वजनिक इमारती सुगम करायच्या होत्या, ती मुदत 2022 लाच संपली. साहेब म्हणाले, इमारत जुनी आहे हो. अहो जुन्यांसाठीच तर पाच वर्षं दिली होती!

दिव्यांग टॉयलेटला कुलूप, आत झाडू आणि बादल्या. त्यावर जास्त लिहीत नाही.

निघताना वॉचमननं स्कूटर वळवून दिली आणि हळूच सांगितलं, पुढच्या टायमाला मागच्या गेटनं या, तिथं एकच पायरी हाय, आतनं लिफ्टपर्यंत सपाट. मग तिथं बोर्ड का नाही लावत म्हटलं, तर म्हणाला, "ते गेट साहेबांच्या गाडीसाठी हाय की."