कासवांच्या जीनोमवर रिपीटमॉडेलर-रिपीटमास्कर चालवायचंय? आधी हे वाचा

कासवांचं क्रोमोसोम, रिपीट डीएनए (जीनोममध्ये पुन्हा पुन्हा येणारे तुकडे) वगैरे काम करणाऱ्या किंवा करू बघणाऱ्या मंडळींसाठी हा रिव्ह्यू. रिपीटमॉडेलर आणि रिपीटमास्कर ही जोडी बहुतेकांना नावाने माहीत असते. सिएटलच्या इन्स्टिट्यूट फॉर सिस्टिम्स बायोलॉजीमधल्या आरियन स्मिट आणि रॉबर्ट हबली यांचं नाव रिपीटमास्करशी कायमचं जोडलेलं आहे, आणि रिपीटमॉडेलरच्या दुसऱ्या आवृत्तीचा पेपर २०२० मध्ये आला. पहिला प्रोग्राम जीनोममधून नवीन रिपीट शोधून त्यांची लायब्ररी बनवतो, दुसरा ती लायब्ररी घेऊन पूर्ण जीनोमभर कुठे कुठे काय पडलंय ते दाखवतो. दोन्ही फुकट. माझं मत आधीच सांगून टाकते, कासवांसाठी घ्याच, याला पर्याय शोधत बसू नका, पण शेवटी जो टक्केवारीचा तक्ता मिळतो तो उचलून थेट थीसिसमध्ये टाकू नका. तो तक्ता कासवाबद्दल जेवढं सांगतो तेवढंच तुम्ही वापरलेल्या असेंब्लीबद्दलही (म्हणजे वाचलेले तुकडे जोडून उभा केलेला जीनोम) सांगतो, आणि त्यातलं कुठलं काय हे वेगळं करायचं काम आपलंच आहे.

आता असेंब्लीचंच बघा. २०१३ मध्ये कासवांचे तीन जीनोम आले, अमेरिकेचं पेंटेड टर्टल, चीनचं मऊ पाठीचं कासव पेलोडिस्कस सायनेन्सिस आणि आपल्या हिंदी महासागरातही असणारं हिरवं समुद्री कासव. त्यातल्या हिरव्या कासवाचं काम छोट्या रीड्सवर (रीड म्हणजे एका वेळी वाचलेला डीएनएचा तुकडा) झालेलं, त्यामुळे असेंब्ली हजारो तुकड्यांची. छोटे रीड आणि रिपीट यांचं जमत नाही हे सगळ्यांना माहितीये, पैठणीच्या काठाच्या वीतभर चिंध्या हातात दिल्या तर काठावर मोर होता एवढं कळतं पण किती मोर होते आणि कुठल्यानंतर कुठला हे कोणीच सांगू शकत नाही, तसंच. पुढे व्हर्टिब्रेट जीनोम्स प्रोजेक्टने लांब रीड आणि हाय-सी (डीएनएचे कुठले भाग एकमेकांजवळ आहेत ते दाखवणारी पद्धत) वापरून हिरवं कासव आणि लेदरबॅक दोन्हींचे क्रोमोसोमपर्यंत जोडलेले जीनोम काढले, २०२३ मध्ये पेपर आला, आणि दोघांचीही २८-२८ क्रोमोसोम मिळाली. समुद्री कासवांचं २एन, म्हणजे जोड्या धरून पेशीतली एकूण क्रोमोसोम, ५६ असतं हे सूक्ष्मदर्शकाखाली बघणाऱ्यांना कितीतरी आधीपासून माहीत होतं, ते इथे बरोब्बर जुळलं. ही दोन घराणी साधारण १० कोटी वर्षांपूर्वी वेगळी झाली तरी क्रोमोसोमवरची जीनची मांडणी बऱ्यापैकी तशीच्या तशी आहे. ज्यांना टूल शिकायचंय त्यांनी याच दोन जीनोमवर शिकावं असं मी आवर्जून सांगेन, कारण इथे चूक दिसली तर दोष असेंब्लीचा की आपला हे कळायला सोपं जातं.

इन्स्टॉलबद्दल फार लिहीत नाही. एकेक डिपेंडन्सी हाताने टाकण्याच्या भानगडीत पडू नका, टीई टूल्स नावाचा त्यांचाच कंटेनर आहे तो डॉकर किंवा सिंग्युलॅरिटीवर उतरवा, सगळं आतच आहे. डीफॅम या रिपीटच्या डेटाबेसची लायब्ररी मात्र मोठी असते, आता ती प्राणिगटांप्रमाणे वेगवेगळ्या भागांत मिळते तेव्हा हवे तेवढेच भाग घ्या. रिपीटमास्करमध्ये एक गोष्ट नवीन माणसाला हमखास अडवते, आरएमब्लास्ट हा शोधणारा प्रोग्राम वापरताना प्रत्येक समांतर जॉब स्वतः चार थ्रेड घेतो, म्हणजे पीए (समांतर जॉबची संख्या) चार दिलं की सोळा कोअर गेले, सामायिक सर्व्हरवर हे आधीच लक्षात ठेवा नाहीतर बाकीचे लोक तुमच्या नावाने ओरडतील. आणि अलाइनमेंट ठेवायचा ऑप्शन पहिल्याच रनला चालू करा, तो नसेल तर नंतर डायव्हर्जन्सचा (कॉप्या मूळ रूपापासून किती बदलल्या त्याचा) आलेख काढता येत नाही आणि पुन्हा सगळं पहिल्यापासून.

रिपीटमॉडेलर पूर्ण जीनोम वाचत नाही हे अनेकांच्या गावीच नसतं. तो नमुने घेतो, पहिल्या फेरीत रिपीटस्काऊट हा प्रोग्राम, पुढच्या फेऱ्यांत रेकॉन, आणि रेकॉनच्या फेऱ्यांत नमुना दर फेरीला तिप्पट होत जातो, ३ मेगाबेस (मेगाबेस म्हणजे दहा लाख बेस), मग ९, २७, ८१, २४३. कासवाचा जीनोम साधारण दोन गिगाबेसच्या (दोन हजार मेगाबेसच्या) पुढचा, म्हणजे बराचसा भाग लायब्ररी बनताना बघितलाच जात नाही. ज्या फॅमिलीच्या, म्हणजे एकाच प्रकारच्या रिपीटच्या, हजारो कॉप्या आहेत ती सापडतेच, अगदी मोजक्या कॉप्यांची सटकू शकते. नमुना रँडम असल्यामुळे दोन रनच्या लायब्ररीत थोडा फरकही पडतो, म्हणून सीड नंबर (रँडम निवड पुन्हा तशीच करता यावी म्हणून दिलेला आकडा) लिहून ठेवा, पेपरमध्ये द्या.

आता जिथे हे टूल खरंच पैसा वसूल आहे, म्हणजे पैसे नाहीतच पण वेळ वसूल, ती गोष्ट म्हणजे सीआर-वन. हे लाइन (एलआयएनई) जातीचे, म्हणजे स्वतःच्या कॉप्या जीनोममध्ये इतरत्र घुसवत उड्या मारणारे लांब घटक, आधी कोंबडीत सापडले म्हणून नाव चिकन रिपीट वन, पण कासवांत यांचं वैविध्य पक्ष्यांपेक्षा कितीतरी जास्त आहे, जुन्या जुन्या शाखा इथे टिकून राहिल्यात. रिपीटमॉडेलर यांना झटकन ओळखतो, फॅमिलीच्या नावापुढे हॅश आणि लाइन स्लॅश सीआर-वन असं लेबल लावून देतो. पण एखादी फॅमिली उघडून बघा, म्हणजे खरंच फास्टा फाईलमध्ये जाऊन बघा. बऱ्याचदा कन्सेन्सस (सगळ्या कॉप्या जुळवून काढलेलं सामायिक रूप) हजारेक बेसचाच असतो, आणि पूर्ण सीआर-वन साडेचार हजारांच्या आसपास असायला हवा. असं का, तर सीआर-वनची कॉपी उलट्या बाजूने म्हणजे थ्री प्राइम टोकाकडून बनायला लागते आणि बहुतेक वेळा मध्येच थांबते, त्यामुळे जीनोमभर शेपट्याच शेपट्या पडलेल्या असतात, डोकं क्वचित. टूलला शेपट्याच जास्त दिसतात, तो शेपटीचाच कन्सेन्सस देतो. मी काय करते तर तो तुकडा ब्लास्टने जीनोमभर शोधून चांगल्या कॉप्या निवडते, दोन्ही बाजूंना दोनेक हजार बेस जास्तीचे घेऊन काढते, माफ्ट या प्रोग्रामने अलाइन करते म्हणजे एकाखाली एक जुळवते आणि मग डोळ्यांनी बघते की डावीकडे अलाइनमेंट कुठपर्यंत धरून आहे आणि कुठे विस्कटते. पुढे पुढे सरकत गेलं की रिव्हर्स ट्रान्सक्रिप्टेजचा (आरएनएवरून डीएनए बनवणाऱ्या एन्झाइमचा) भाग दिसायला लागतो आणि त्या क्षणी फार भारी वाटतं. कंटाळवाणं काम आहे, पण लायब्ररीतल्या निदान वरच्या मोठ्या फॅमिल्यांसाठी केलंच पाहिजे, नाहीतर एकाच घटकाचे तीन तुकडे तीन वेगळ्या फॅमिल्या म्हणून मोजले जातात.

याच्याच बरोबर साइनचं (एसआयएनई, म्हणजे उड्या मारणारे छोटे घटक) बघा, कासवांचा टीआरएनएपासून आलेला साइन १९८० च्या दशकातच जपानमध्ये सापडला होता आणि पुढे १९९० च्या दशकात लक्षात आलं की त्याची थ्री प्राइम शेपटी सीआर-वनसारख्या लाइनच्या शेपटीशी जुळते, म्हणजे हा स्वतः काही बनवत नाही, लाइनची यंत्रणा वापरून पसरतो. रिपीटमास्करच्या आऊट फाईलमध्ये हे कधी कधी गोंधळ घालतं, साइनच्या शेपटीवर सीआर-वनचाही हिट बसतो. ओळीच्या शेवटी चांदणी (*) असेल तर समजा की तिथे याहून जास्त स्कोअरचा दुसरा हिट ओव्हरलॅप होतोय. मोजणी करताना या चांदणीवाल्या ओळी वेगळ्या काढा, स्वतः स्क्रिप्ट लिहून ओळी मोजणारे लोक हे नेमकं विसरतात आणि तीच जागा दोनदा मोजली जाते.

डायव्हर्जन्सच्या आलेखाबद्दल मला जरा कळकळीने सांगायचंय. टूल किमुरा अंतर (कॉपी कन्सेन्ससपासून किती बदलली त्याचं माप) काढून सुंदर रंगीत आलेख देतं, डावीकडे नवीन घटक, उजवीकडे जुने. लोक उंदीर किंवा सरड्याच्या आलेखाशेजारी कासवाचा आलेख ठेवतात आणि म्हणतात, बघा कासवात अलीकडेच उड्या झाल्या. असं नका करू हो. पेंटेड टर्टलच्या २०१३ च्या पेपरमध्येच आलंय की कासवांत डीएनए बदलण्याचा वेग फारच कमी आहे, माणसाच्या शाखेच्या एक तृतीयांश आणि अजगराच्या एक पंचमांश इतका. म्हणजे दहा टक्के डायव्हर्जन्स कासवात जेवढ्या काळाचं आहे तेवढा काळ दुसऱ्या प्राण्यात नसतो. टूलची यात काही चूक नाही, ते टक्के देतं, वर्षं देत नाही, पण आलेखाखाली ही गोष्ट लिहिलेली नसते आणि वाचणारा फसतो. वर्षं काढायचीच असतील तर कासवांचाच म्युटेशन रेट घ्या.

दुसरी सांभाळायची जागा म्हणजे अननोन, टूलला ओळख न पटलेल्या फॅमिल्या. कासवात अननोन लेबलच्या फॅमिल्या भरपूर निघतात आणि त्यात खरे जीनही शिरतात. वासाचे रिसेप्टर जीन घ्या, चीनच्या मऊ पाठीच्या कासवात त्यांची संख्या हजाराच्या पुढे आहे, एकमेकांसारखे, शेजारी शेजारी, टूलच्या नजरेला हे रिपीटच. एमएचसी (रोगप्रतिकाराचे जीन) आणि झिंक फिंगर जीनचंही तेच. ते लायब्ररीत राहिले तर मास्क होतात म्हणजे झाकले जातात आणि पुढे जीन शोधणाऱ्या प्रोग्रामला दिसतच नाहीत, मग कोणीतरी लिहितो की या कासवात वासाचे जीन कमी आहेत. लायब्ररी आधी ब्लास्टएक्सने प्रोटीन डेटाबेसशी ताडून गाळून घ्या, फार वेळ लागत नाही.

आणि आता क्रोमोसोमच्या रचनेकडे यायचं तर इथे ही जोडी कमी पडते. कासवांत २एन २६ पासून ६८ पर्यंत आहे, एकट्या कासवांत एवढा फरक, आणि त्यात मोठ्या क्रोमोसोमबरोबर चिमुकली मायक्रोक्रोमोसोम, जीनने गच्च भरलेली आणि जीसी (जी आणि सी या बेसचं प्रमाण) जास्त असलेली. जीसी जास्त म्हणून जुन्या छोट्या रीड्सच्या असेंब्लीत याच भागांना मार बसायचा. सेंट्रोमिअरजवळचे (क्रोमोसोमच्या आवळलेल्या भागाजवळचे) सॅटेलाइट, म्हणजे एकच तुकडा शेकडो हजारो वेळा ओळीने, हे शोधणं रिपीटमॉडेलरचं कामच नाही, त्याच्यासाठी टीआरएफ (टँडम रिपीट्स फाइंडर) वेगळा चालवा, किंवा झेक लोकांचा रिपीटएक्सप्लोरर आणि त्यातला टॅरियन वापरा, तो असेंब्लीवर अवलंबूनच नाही, कच्च्या छोट्या रीड्सवरूनच सॅटेलाइट काढतो. टेलोमिअर, म्हणजे क्रोमोसोमच्या टोकाचे रिपीट, रिपीटमास्कर दाखवतो, पण टीटीएजीजीजी हे एकाच नावाने येईल असं नाही, तेच सहा बेस फिरवून वेगवेगळ्या नावांनी येतात, तेव्हा सगळी रूपं शोधा. क्रोमोसोमच्या टोकाला मिळालं तर असेंब्ली टोकापर्यंत पोचली, मध्येच मिळालं तर जुन्या जोडणीची खूण असू शकते किंवा असेंब्लीची चूक, हाय-सीचा नकाशा उघडल्याशिवाय ठरवू नका.

राहिलं रायबोसोमल डीएनए, म्हणजे रायबोसोमचा आरएनए बनवणारे, ओळीने येणारे जीन (१८एस, २८एस वगैरे). मऊ पाठीच्या कासवात झेडडब्ल्यू (मादी झेडडब्ल्यू, नर झेडझेड) सेक्स क्रोमोसोम आहेत, तेही मायक्रो, आणि डब्ल्यूवर १८एस-२८एस रिपीट इतके वाढलेत की झेड आणि डब्ल्यूच्या आकारातला फरक सूक्ष्मदर्शकाखाली दिसतो, हे २००७ मध्ये दाखवलं गेलंय. रिपीटमास्करच्या तक्त्यात हे सगळं स्मॉल आरएनए या एका ओळीत जातं आणि आकडा अगदी किरकोळ असतो, कारण असेंब्लीत त्या शेकडो कॉप्या चेपून थोड्याच उरतात. इथे फिशला (क्रोमोसोमवर चमकणारा प्रोब लावून सूक्ष्मदर्शकाखाली बघायची पद्धत) पर्याय नाही. फिश करणारी लॅब ओळखीत असेल तर संबंध जपा.

वेळास-आंजर्ल्याला येणाऱ्या ऑलिव्ह रिडलेवर कोणी हे काम करायला घेणार असेल तर हिरव्या कासवाची लायब्ररी तयार ठेवा, समुद्री कासवांत जुन्या फॅमिल्या बऱ्याच सामायिक असतात, आणि नवीन लायब्ररी तिला जोडून दोन्हींतलं डुप्लिकेट काढून मगच मास्क करा. रेपबेस हा रिपीटचा दुसरा डेटाबेस पूर्वी शिक्षणसंस्थांना सहज मिळायचा, आता वर्गणी लागते, आपल्याकडच्या बऱ्याच कॉलेजांना ती परवडत नाही. डीफॅम मात्र खुलं आहे आणि बाहेरच्यांनी पाठवलेल्या फॅमिल्याही घेतं, स्टॉकहोम फॉरमॅटमधली अलाइनमेंट लागते जी रिपीटमॉडेलर स्वतःच बनवून देतो. हाताने नीट केलेल्या तुमच्या दहाच सीआर-वन फॅमिल्या असल्या तरी पाठवा.