तीन नोड की पाच? रॅबिटएमक्यूचा क्लस्टर आखताना

रॅबिटएमक्यू हे प्रोग्रामांमधले मेसेज रांगेत (क्यूत) ठेवून पुढे पोचवणारं सॉफ्टवेअर; ते अनेक सर्व्हरांवर (नोडवर) मिळून चालवलं की झाला क्लस्टर. त्यातली क्वोरम क्यू प्रत्येक मेसेजच्या प्रती अनेक नोडवर ठेवते आणि राफ्ट या एकमताच्या पद्धतीवर चालते, म्हणजे बहुमत असेल तरच काम. तीन नोडमध्ये दोन जिवंत हवेत, पाचात तीन. म्हणून तीन नोड एक बिघाड सोसतात, पाच नोड दोन, अर्थात क्यूच्या प्रती पाचही नोडवर ठेवल्या असतील तर. (चार घेऊन उपयोग नाही, बहुमत तीनचं, सोसणार एकच.)

कागदावर एक बिघाड पुरेसा वाटतो. पण अपग्रेडसाठी एक नोड आपणच खाली घेतो, तेव्हा ती सवलत संपलेली असते. जुलैतल्या एका रात्री आम्ही नेमके तिथेच अडकलो: पहिला नोड अपग्रेडला, तेवढ्यात दुसऱ्याची डिस्क गेली. तिसरा धडधाकट होता, तरी क्यू ठप्प. अंधेरीच्या ऑफिसात पहाटेपर्यंत ऑर्डरी अडकून होत्या. पाच नोड असते तर कुणाला कळलंही नसतं.

पाचाची किंमतही आहे. प्रत्येक मेसेज दोनऐवजी तीन डिस्कवर उतरल्याशिवाय पोचपावती मिळत नाही, शिवाय नेटवर्कवरची वाहतूक वाढते. वेग वाढेल म्हणून नोड वाढवू नका.

जागेचं गणित जास्त महत्त्वाचं. मुंबई आणि नवी मुंबई अशा दोनच डेटा सेंटरांत ३-२ विभागणी केली, तर तीनवालं सेंटर गेल्यावर सगळंच थांबतं. एडब्ल्यूएसच्या (ॲमेझॉनच्या क्लाउड सेवेच्या) मुंबई रीजनमध्ये तीन झोन, म्हणजे एकमेकांपासून वेगळे ठेवलेले डेटा सेंटरांचे गट आहेत. तिथे २-२-१ ठेवलं की कुठलाही एक झोन गेला तरी किमान तीन उरतात.

पैसे आणि ऑर्डरींसाठी मी पाचच घेईन. नोटिफिकेशनला तीन भरपूर.