लिथासाठी काय घ्यावं: सेंट जॉन्स वर्ट, मगवर्ट की लॅव्हेंडर?

मे महिना संपत आला की इंग्लंडमधल्या मराठी मंडळींपैकी एखादा तरी फोन येतोच. शेजारच्या पेगन, म्हणजे निसर्गपूजक, गटाने लिथाच्या सणाला बोलावलंय, रात्रभर शेकोटीभोवती बसायचंय, काय घेऊन जाऊ? कुठला पाला, कुठलं तेल? दुकानात "मिडसमर" अशी चिठ्ठी लावलेल्या बाटल्यांची रांग असते, आणि प्रत्येकीवर सूर्याचं चित्र. मी आधी एकच विचारते: यंदाच्या रात्रीसाठी हवंय, की पुढच्या वर्षीच्या? निम्मा निर्णय तिथेच होतो.

लिथा म्हणजे वर्षातला सगळ्यात मोठा दिवस, २०-२१ जूनच्या आसपासचा. बीड नावाच्या इंग्लिश धर्मगुरूने ७२५ साली लिहून ठेवलंय की अँग्लो-सॅक्सन लोक जून आणि जुलै या महिन्यांना लिथा म्हणत. आजच्या सणाला हे नाव दिलं ते अमेरिकेतल्या एडन केली यांनी, १९७४ मध्ये. झाडपाल्याच्या प्रथा मात्र या नावापेक्षा कितीतरी जुन्या. त्या बहुतेक २३ जूनच्या रात्रीच्या आहेत, कारण २४ हा सेंट जॉनचा दिवस. गोव्यात याच दिवशी सांजांव असतो आणि डोक्यावर पानाफुलांचं कोपेल घालून पोरं विहिरीत उड्या मारतात. लॅटव्हियात त्याच रात्री पुरुष ओकच्या पानांचा मुकुट घालतात आणि बायका रानफुलांचा. त्यामुळे "सूर्याचा सण आहे, मग पाला कशाला?" हा प्रश्न इथे कुणाला पडत नाही.

सेंट जॉन्स वर्ट

या रात्रीची खरी मानकरी हीच. पिवळी, पाच पाकळ्यांची फुलं, रस्त्याकडेला आणि पडीक माळावर उगवणारी. पान तोडून उन्हाकडे धरा, सुईने टोचल्यासारखे पारदर्शक ठिपके दिसतात. ती भोकं नसतात, तेलाच्या ग्रंथी असतात. शास्त्रीय नावातलं "परफोरेटम" त्यावरूनच आलंय. आता न उमललेली कळी दोन बोटांत चिरडा. पिवळ्या फुलातून लालसर जांभळा रस निघतो आणि बोटाला डाग पडतो. हा हायपेरिसिनचा रंग, आणि जुन्या लोकांनी याला सेंट जॉनचं रक्त म्हटलं. पहिल्यांदा माझ्या बोटावर तो डाग उमटला तेव्हा मी बराच वेळ हात धुतला नव्हता.

तेल करायचं असेल तर ताज्या फुलाकळ्यांनी काचेची बरणी पाऊण भरायची, सगळं बुडेपर्यंत ऑलिव्ह तेल ओतायचं आणि चार ते सहा आठवडे दक्षिणेच्या खिडकीत ठेवायचं. तेल हळूहळू माणकासारखं लाल होतं. पहिल्या वर्षी मी पावसात भिजलेली फुलं तशीच घातली आणि घट्ट झाकण लावलं. दहाव्या दिवशी वर पांढरी बुरशी. तेव्हापासून फुलं दव सुकल्यावरच खुडते, पंचावर तीन-चार तास पसरून ठेवते आणि पहिला आठवडा बरणीला झाकण न लावता, लोणच्याच्या बरणीला बांधतो तसा दादरा बांधते. पाण्याचा अंश उडून गेला पाहिजे.

पण हिशेब बघा. २१ जूनला घातलेलं तेल तयार होणार ऑगस्टच्या तोंडावर. म्हणजे या वर्षीच्या लिथाला ते तुमच्या हातात नसणार. यंदाच्या सूर्याचं तेल हिवाळ्यात पायांना चोळायचं आणि उरलेलं पुढच्या लिथाला न्यायचं, हीच या वनस्पतीची चाल आहे. तयार बाटली विकत घेणार असाल तर रंग बघून घ्या. मी ऑनलाइन मागवलेली एक बाटली फिकट पिवळी निघाली. वाळलेल्या पाल्याला तो लाल रंग नीट सुटत नाही.

एक गोष्ट जीव तोडून सांगते. हे तेल अंगाला लावण्यासाठी आहे. सेंट जॉन्स वर्टचा चहा किंवा गोळ्या सणाच्या भरात घेऊ नका. यकृतातली औषधं पचवणारी यंत्रणा ती जोरात चालवते, आणि गर्भनिरोधक गोळ्या, रक्त पातळ करणारं वॉरफरिन, अवयवरोपणानंतरचं सायक्लोस्पोरिन यांचा परिणाम कमी होतो. नैराश्यावरच्या गोळ्या चालू असतील तर धोका आणखी मोठा. ती चरल्यावर उन्हात गुरा-मेंढरांची कातडी भाजते हेही जुनं माहीत आहे, म्हणून तेल लावायचं तर सूर्य मावळल्यावर.

खुडताना रॅगवर्टशी गल्लत करू नका. तेही पिवळं, पण त्याचं फूल छोट्या शेवंतीसारखं असतं आणि ते यकृताला विषारी आहे. सेंट जॉन्स वर्टची पानं देठावर समोरासमोर जोडीने येतात.

मगवर्ट

यंदाच्याच रात्रीसाठी हवं असेल तर माझं उत्तर मगवर्ट. जूनमध्ये ती अजून फुलावर नसते, पण पाला भरपूर असतो. पानाचा वरचा भाग गडद हिरवा आणि पाठ चांदीसारखी पांढरी. चुरगळून वास घ्या, चैत्र आठवेल. आपण जोतिबाला वाहतो तो दवणा हिच्याच कुळातला, दोघीही आर्टेमिसिया. दवण्याचा गोडवा हिच्यात नाही, कडवटपणा जास्त, पण नातं नाकाला लगेच कळतं. परक्या देशातल्या परक्या सणात पहिल्यांदा जाणाऱ्या मराठी माणसाला हातात धरायला याहून जवळचं काही मिळणार नाही असं मला मनापासून वाटतं.

परंपरेचं वजनही हिच्याकडे आहे. जुन्या इंग्लिशमधल्या नऊ वनस्पतींच्या मंत्रात पहिली हाक मगवर्टलाच आहे, सगळ्यांत थोरली म्हणून. जर्मन भाषक मुलुखात तिचा कमरपट्टा करून आगीभोवती नाचायचं आणि शेवटी वर्षभराच्या दुखण्यांसकट तो आगीत टाकायचा, अशी रीत होती. आमच्या गटातल्या एक आजी अजूनही हे करतात. लांब फांद्या तिपेडी वेणीसारख्या गुंफतात, सुतळीने बांधतात आणि प्रत्येकाच्या कमरेला स्वतःच्या हाताने लावतात.

तेल म्हणून मात्र मगवर्ट मी सुचवणार नाही. तिच्या बाटलीतल्या सुगंधी तेलात थुजोन हे द्रव्य असतं, ते घरगुती वापराचं नाही. तिचा पट्टा करा, नाहीतर वाळवून निखाऱ्यावर चिमूटभर टाका. गर्भवतींनी धुरापासूनही लांब राहावं. आणि धणे, जिरे, सेलरी किंवा गाजर खाल्ल्यावर कुणाच्या तोंडाला खाज सुटत असेल तर त्याला मगवर्टच्या परागांची ॲलर्जी असू शकते. हे एकमेकांशी जोडलेलं आहे, आणि धण्या-जिऱ्याच्या आपल्या घरांत ते आधी विचारून घेतलेलं बरं.

लॅव्हेंडर

सोपी, सगळीकडे मिळणारी, लहान मुलांच्या घरात चालणारी. मूळची ती भूमध्य समुद्राकडची. इथे जूनच्या अखेरीस फुलावर येते, त्यामुळे २१ तारखेला बऱ्याचदा कळ्याच असतात. तिची फुलं सूर्यफुलाच्या तेलात मुरवता येतात, पण वेळ नसेल तेव्हा तयार सुगंधी तेलच घेतात. लेबलवर "अँगुस्टिफोलिया" लिहिलेलं बघा. "लॅव्हँडिन" ही संकरित जात आहे. ती स्वस्त मिळते, पण तिला कापराचा वास जास्त येतो.

मुरवलेलं तेल आणि बाटलीतलं सुगंधी तेल यांत लोक फार गोंधळतात. मुरवलेलं तेल तसंच अंगाला लावता येतं. सुगंधी तेल हा वाफेवर काढलेला तीव्र अर्क असतो, तो थेट कातडीवर नको. ३० मिली साध्या तेलात १२ थेंब, म्हणजे साधारण २ टक्के, एवढं पुरे.

आता त्या "मिडसमर" बाटल्यांबद्दल. त्यांत बहुधा लिंबूवर्गीय तेलं असतात, कारण सूर्य म्हटलं की संत्र्याचा वास सुचतो. गोड संत्र्याचं तेल ठीक. पण दाबून काढलेलं बर्गमॉट किंवा लाइम लावून दिवसभर उन्हात बसलात तर कातडीवर भाजल्यासारखे डाग पडतात, आणि लिथा हा तर उन्हात बसण्याचाच दिवस. बर्गमॉटची मर्यादा ०.४ टक्के आहे, म्हणजे ३० मिलीत जेमतेम दोन थेंब. सूर्याचा उबदार वास हवाच असेल तर फ्रॅन्किन्सेन्स घ्या. आपल्या सालईच्या कुळातल्या झाडाचा तो डिंक, आणि त्याच्या तेलाला उन्हाची ही अडचण नाही.

धुरी द्यायला म्हणून व्हाइट सेजची जुडी नेऊ नका. दुकानदार आग्रह करेल. ती दक्षिण कॅलिफोर्नियाची वनस्पती, तिथल्या मूळ रहिवाशांच्या विधींतली, आणि बाजारासाठी रानातून ओरबाडली जातेय. युरोपच्या सणात तिचं काम नाही.

पाला रानातून आणणार असाल तर मूळ उपटू नका. १९८१ च्या कायद्याने जमीनमालकाच्या परवानगीशिवाय ब्रिटनमध्ये कुठलंही रानटी झाड मुळासकट उपटणं गुन्हा आहे. स्टोनहेंजच्या प्राचीन शिळावर्तुळाला जाणार असाल तर तिथे आग किंवा मेणबत्ती चालत नाही, म्हणजे धुराचा बेत रद्द आणि कमरपट्टा उत्तम.

मेलबर्न-सिडनीच्या मंडळींचा मोठा दिवस डिसेंबरात. तिकडे सेंट जॉन्स वर्ट हे उपद्रवी तण म्हणून जाहीर आहे, तेव्हा फुलं खुडा पण बी पसरू देऊ नका.

आणि घरात गर्भवती आहे, कुणाला दमा आहे, किंवा धूर-तेल दोन्ही नको, तर स्पेनमधल्या गॅलिशियाची रीत घ्या. २३ जूनच्या संध्याकाळी परातीत पाणी घेऊन त्यात रोझमेरी, बडीशेपेचा पाला, गुलाबाच्या पाकळ्या टाकतात आणि परात रात्रभर उघड्यावर, दवात ठेवतात. सकाळी त्याच पाण्याने सगळ्यांनी तोंड धुवायचं. तिथल्या जुडीत कधीकधी सताप असते, ती तेवढी काढून टाका, तिच्या रसाने उन्हात फोड येतात. परात तांब्याची असली तर पहाटे पाण्यावर आलेला उजेड बघायला लवकर उठा. इंग्लंडात त्या दिवशी बहुतेक ठिकाणी पाचच्या आतच सूर्य वर आलेला असतो.