सौर पंपाची जाहिरात आणि साडेसात एचपीचं खोटं मंजुरीपत्र

कापूस घरात आला की आमच्या राळेगाव तालुक्यात सकाळी आधी मोबाइलवर भाव पाहतात, मग चहा. २०२५-२६ च्या हंगामासाठी लांब धाग्याच्या कापसाचा हमीभाव क्विंटलमागे ८,११० रुपये. पण व्यापारी आज काय देतो, हिंगणघाटला काय निघाला, हे पाहिल्याशिवाय कोणी गाडी भरत नाही. त्यासाठीचं एक ॲप गावात बहुतेकांच्या फोनमध्ये आहे. आपल्याच भागातल्या एका पोराने ते बनवलंय, भाव बरोबर असतात आणि लोकांचा त्यावर विश्वास आहे. माझ्या मोठेबाबांना फसवणारी जाहिरात याच भावांच्या मधोमध आली. त्यांना विचारूनच हे लिहितो आहे, कारण तशाच जाहिराती अजून फिरताहेत.

वर तिरंग्याची पट्टी, बाजूला अशोकस्तंभ, हिरव्या वावरात चकाकणाऱ्या सौर पाट्या, "फक्त १० टक्के भरा", आणि खाली सेकंदासेकंदाने उतरणारं घड्याळ. बंद करायची फुली एवढीशी की शेतात काम करणाऱ्याच्या बोटाखाली ती येणारच नाही. बोट थोडं बाजूला पडलं आणि जाहिरात उघडली. मग फॉर्म : नाव, गाव, मोबाइल नंबर, सातबाऱ्याचा गट नंबर.

"लोभापायी गेले" असं गावात कोणी म्हटलं की मला राग येतो. मोठेबाबांचं वावर चार एकर, विहिरीला पाणी आहे. पण हरभऱ्याचं ओलित करायचं तर लाइनची पाळी पुष्कळदा रात्रीची. २०१८ मध्ये बोराटीच्या जंगलात माणसांवर हल्ले करणारी टी-१ वाघीण मारली गेली, त्याआधी पांढरकवडा-राळेगाव भागातल्या माणसांनी जे दिवस काढले ते आमच्या घरात कोणी विसरलेलं नाही. रानडुकरं आणि साप तर दरवर्षीचेच. दिवसा चालणारा पंप बसला तर मोठीआईला रात्रभर दाराकडे कान लावून बसावं लागणार नाही, एवढाच त्यांचा हिशोब होता. जाहिरात करणाऱ्यांना हा हिशोब पक्का ठाऊक असतो, आणि कापसाचा चुकारा हातात कधी येतो हेही.

फॉर्म भरल्यावर थोड्याच वेळात व्हॉट्सॲपवर फोन आला. बोलणारा अदबीने "काकाजी, काकाजी" करत होता. आधी नोंदणी शुल्क म्हणून ५,६०० रुपये घेतले. मग मंजुरीचं पत्र पाठवलं आणि शेतकऱ्याचा हिस्सा म्हणून २२,५०० मागितले. तेही गेले. त्याच दिवशी संध्याकाळी वाहतुकीच्या विम्याचे ९,८०० मागितले, "पंप उतरला की परत मिळतील" म्हणून. तेव्हा मोठेबाबा माझ्याकडे आले. म्हणाले, "साहेब म्हणते का आज भरले नाही तं फाईल बंद होते. तू पाहून घे बरं एकदा."

मी ते पत्र मोठं करून पाहिलं. दिसायला सरकारी, गोल शिक्का, जावक क्रमांक, सही. पण 'महाराष्ट्र'मधला शेवटचा र गायब, 'शेतकरी'च्या जागी 'किसान', आणि पंप मंजूर केला साडेसात एचपीचा. इथेच सगळं उघडं पडलं. 'मागेल त्याला सौर कृषी पंप' योजनेत अडीच एकरांपर्यंत ३ एचपी, पाच एकरांपर्यंत ५ एचपी आणि त्याहून जास्त जमीन असेल तर साडेसात एचपी, असं ठरलेलं आहे. चार एकरवाल्याला साडेसातचा पंप मिळत नाही. पैसे ज्या क्यूआर कोडवर गेले होते तो स्कॅन केला, तर पडद्यावर कुठल्याशा माणसाचं नाव आलं. खात्याचं नाही, कंपनीचंही नाही.

खरी योजना कशी चालते हे गावागावांत नीट सांगायला हवं, कारण खोटी जाहिरात तिच्याच आडोशाने येते. राज्यात ती महावितरण राबवतं. अर्ज महाडिस्कॉम डॉट इन या त्यांच्याच संकेतस्थळावर होतो. सातबारा, आधार, बँक पासबुक लागतं. अनुसूचित जाती-जमातीचे असाल तर जातीचा दाखला. सर्वसाधारण शेतकऱ्याचा हिस्सा १० टक्के, अनुसूचित जाती-जमातीसाठी ५ टक्के. बाकीचं अनुदान केंद्र आणि राज्य सरकारचं. हिस्सा अर्जाच्या क्रमांकावर तिथेच भरायचा असतो, आणि पंप बसवणारी कंपनी त्यांच्या यादीतून शेतकऱ्याने निवडायची असते. कोणा साहेबाच्या मोबाइलवर पैसे टाकायची पायरी यात कुठेच नाही. केंद्राच्या नवीन आणि नवीकरणीय ऊर्जा मंत्रालयानेही केंद्राच्या सौर पंपांच्या कुसुम योजनेच्या नावाने पैसे उकळणाऱ्या बनावट संकेतस्थळांबद्दल इशारे दिलेले आहेत. मोठेबाबांनी भरलेल्या फॉर्मच्या पत्त्यात 'कुसुम' होतं, 'योजना' होतं, पण नावात काहीही घालता येतं. पहिल्या एकेरी तिरक्या रेघेच्या आधी पत्ता महाडिस्कॉम डॉट इनवर संपतो का ते पाहायचं.

ॲप बनवणाऱ्या पोराला मी जाऊन भेटलो. तो हादरलाच. त्याने ती जाहिरात कधी पाहिलीही नव्हती. तो फक्त जागा देतो. त्या जागेत काय दिसणार याची बोली पान उघडताक्षणी यंत्रावर लागते आणि प्रत्येकाच्या फोनमध्ये वेगळी जाहिरात येते. त्याच वेळी माझ्या फोनमध्ये तिथे साड्या दिसत होत्या. म्हणजे ज्या पानावर आपला भरवसा आहे त्याच्या मालकाने ती जाहिरात पारखलेली असते असं मुळीच नाही. मात्र त्याच्याकडे एखादी जाहिरात किंवा जाहिरातींचा अख्खा प्रकार बंद करायची सोय असते. आपण स्क्रीनशॉट काढून पाठवला तर तो ते करू शकतो. त्या पोराने लगेच केलं, पूर्ण पडदा झाकणाऱ्या जाहिरातीही काढल्या. त्याचं उत्पन्न त्याने घटणार आहे, तरी केलं. ज्यांची अशी ॲप आहेत त्या सगळ्यांनी हे करावं असं मला कळकळीने वाटतं.

मोठेबाबांच्या फोनवर त्यानंतरही अनुदान, बक्षीस, कर्जमाफी असल्या सूचना टणाटण येत राहिल्या. त्या फॉर्मच्या पानावर 'अलाउ' दाबलं गेलं होतं. ब्राउझरच्या साइट सेटिंगमध्ये नोटिफिकेशनखाली त्या पत्त्याची परवानगी काढली, तेव्हा थांबल्या. तुमच्या घरातल्या म्हाताऱ्या माणसांचा फोन एकदा घेऊन हे बघाच. आणि पडदाभर जाहिरात आली तर फुलीवर नेम धरत बसायला सांगू नका, सरळ ॲप बंद करायला सांगा.

पैशांचं असं झालं. त्याच संध्याकाळी १९३० या सायबर फसवणुकीच्या सरकारी हेल्पलाइनवर फोन लावला, बँकेलाही कळवलं. त्या नंबरवर खाते, रक्कम, वेळ आणि व्यवहाराचा १२ आकडी क्रमांक विचारतात, म्हणून तो आधी काढून ठेवा. चॅट रागाने पुसू नका, तोच पुरावा आहे. दुसऱ्या रकमेतला काही भाग समोरच्या खात्यात गोठवला गेला. तो अजून हातात आलेला नाही. पहिले ५,६०० तोवर पुढे निघून गेले होते. एक रात्र थांबलो असतो तर दुसरे पैसेही तसेच गेले असते, यात मला शंका नाही. तक्रार पोलीस ठाण्यातही दिली. माहिती तंत्रज्ञान कायद्याचं कलम ६६ड अशा तोतयेगिरीलाच लागतं. गावात बोभाटा होईल म्हणून मोठेबाबा ठाण्यात यायला तयार नव्हते. मोठीआई म्हणाली, "चोरी त्यानं केली, तुम्ही कावून तोंड लपवता?" मग निघाले.

अलीकडे त्यांना नवेच फोन येताहेत. बोलणारा स्वतःला सायबर खात्याचा माणूस म्हणवतो, गेलेली रक्कम आकड्यासकट सांगतो आणि ती सोडवून देण्यासाठी २,००० रुपये फी मागतो. आकडा त्याला ठाऊक असणारच. ज्यांनी पैसे नेले त्यांच्याकडूनच नाव, नंबर आणि रक्कम पुढे गेलेली असते. पोलीस किंवा १९३० वाले पैसे परत करायला फी घेत नाहीत. आमच्याकडे हे फोन आता मोठीआई उचलते.