टॉप-अप, सेटलमेंट की घरच विकायचं? कर्जात रुतलेल्या बडोदेकरासाठी

परवा मांजलपूरहून एक ओळखीचा मुलगा कागदांची पिशवी घेऊन आला. तीन क्रेडिट कार्डं आणि दोन पर्सनल लोन मिळून 9 लाखांचं देणं. हप्ता अजून एकही चुकलेला नाही, पण कार्डांवर नुसता मिनिमम ड्यू भरणं चाललंय. राहता फ्लॅट बाजारभावाने 55 लाखांचा आणि त्यावर होम लोनचे 22 लाख बाकी, म्हणजे कागदावर 33 लाख त्याचे स्वतःचे. "काका, घर असताना मी 9 लाखांसाठी रात्री जागतोय," म्हणाला.

त्या 33 लाखांना हात लावण्याआधी एक बघायचं: आज कोणता सावकार घरापासून किती लांब उभा आहे. कार्डवाल्याकडे तारण नाही. त्याला लवाद किंवा दिवाणी दावा, मग हुकूमनामा, मग जप्ती, एवढा रस्ता चालायचा आहे. तो येऊच शकत नाही असं मात्र नाही. दिवाणी प्रक्रिया संहितेच्या कलम 60 मध्ये शेतकऱ्याचं घर जप्तीतून वगळलंय, शहरातला नोकरदाराचा फ्लॅट नाही. होम लोनवाली बँक मात्र दारातच उभी असते. खातं एनपीए, म्हणजे थकीत, ठरलं की 2002 च्या सरफेसी कायद्याखाली 60 दिवसांची नोटीस देऊन, दावा न लावता, ती ताब्याची कारवाई सुरू करू शकते.

टॉप-अप, म्हणजे चालू होम लोनवरच वाढीव कर्ज, घेणं हे ते 9 लाख कार्डवाल्याच्या रांगेतून उचलून होम लोनवाल्या बँकेच्या रांगेत ठेवणं. एजंट हे सांगत नाही. तो व्याजाचा दर सांगतो, आणि दर खरंच मोहात पाडणारा असतो. कार्डावर महिना साडेतीन टक्के धरले तर वर्षाला 42 होतात. टॉप-अप समजा साडेनऊ टक्क्यांनी मिळाला. बँकेने किमतीच्या 70 टक्क्यांपर्यंत द्यायचं ठरवलं तर साडेअडतीस लाखांतून 22 वजा जाऊन साडेसोळा लाखांची जागा आहे, त्यामुळे 9 लाख सहज बसतात. गोची मुदतीत होते. 15 वर्षांना हप्ता सुमारे 9,400 येतो आणि व्याज जातं जवळजवळ 7 लाख 90 हजार. तीच रक्कम 5 वर्षांत फेडली तर हप्ता सुमारे 18,900, व्याज 2 लाख 35 हजारांच्या आत. बँक 15 चा कागद पुढे सरकवते, आपण हलका हप्ता बघून सही करतो. आणि हे दार हप्ते चुकायच्या आधीच उघडं असतं. क्रेडिट स्कोअर पडला की तीच बँक फोन उचलत नाही.

सेटलमेंट, म्हणजे कमी रकमेवर तडजोड, नेमकं उलट्या वेळी मिळतं, खातं थकल्यावर. घर तारणात जात नाही हा त्याचा मोठा गुण. पण एकरकमी पैसा लागतो, आणि तुमच्या अर्जात "स्वतःचं घर" लिहिलेलं असेल तर वसुलीवाला फारशी सूट देत नाही, असा माझा अनुभव आहे. क्रेडिट रिपोर्टवर "सेटल्ड" हा शिक्का अनेक वर्षं राहतो. शिवाय रिझर्व्ह बँकेच्या जून 2023 च्या चौकटीप्रमाणे तडजोड केलेल्या बँकेने पुन्हा कर्ज देण्याआधी किमान 12 महिने थांबायचं असतं. फोनवर ठरलेल्या आकड्याला काही किंमत नाही. पत्र हातात आल्याशिवाय एक रुपया भरू नका.

या टप्प्यावर कोणीतरी शहाणा "घर बायकोच्या नावावर करून टाक" म्हणतोच. सावकारांना चुकवण्यासाठी केलेलं हस्तांतर संपत्ती हस्तांतरण कायद्याच्या कलम 53 खाली कोर्टात उडू शकतं. दस्ताचा खर्च मात्र परत मिळत नाही.

इंग्लंडात माझ्या भाच्याने आयव्हीए, म्हणजे सावकारांशी फेडीचा करार, घेतलं होतं. तिथे साधारण पाच वर्षं ठरलेला हप्ता भरायचा आणि उरलेलं माफ. पण अशा बऱ्याच करारांत शेवटच्या वर्षाच्या आसपास घराची किंमत काढतात, मालकाचा हिस्सा पुरेसा असेल तर त्यावर कर्ज काढायला सांगतात, आणि ते मिळालं नाही तर हप्ते वर्षभर वाढवतात. आपल्याकडे अशी सोय हाताशी नाही. 2016 च्या दिवाळखोरी संहितेतला व्यक्तींचा भाग 2019 मध्ये फक्त कंपन्यांच्या जामीनदारांसाठी लागू झाला. बडोद्याच्या सामान्य माणसासाठी उरतो तो 1920 चा प्रांतिक कायदा, आणि त्यात घर कोर्टाच्या रिसीव्हरच्या हाती जातं.

आता विक्री. लोकांना ही हार वाटते, मला नाही वाटत. 55 लाखांतून 22 आणि 9 फेडले तर 24 उरतात. घर 24 महिन्यांहून जास्त काळ तुमचं असेल तर नफ्यावर साडेबारा टक्के कर लागतो. मात्र नफ्याएवढी रक्कम ठरलेल्या मुदतीत नव्या घरात घातली तर तो वाचतो. पूर्ण विक्रीची रक्कम घालावी लागते हा गैरसमज आहे. नव्या घराला 4.9 टक्के मुद्रांक आणि 1 टक्का नोंदणी धरा. खरेदी बाईच्या नावाने केली तर गुजरातेत तो एक टक्का माफ आहे. शहरातल्या काही भागांना अशांत धारा (अशांत ठरवलेल्या भागांतल्या मालमत्ता-व्यवहारांचा गुजरातचा कायदा) लागू आहे, तिथे कलेक्टरची परवानगी आल्याशिवाय दस्तावेज होत नाही. तेव्हा बानाखतात (विक्रीच्या करारात) मुदत सैल ठेवा. बँकेने लिलाव करण्यापेक्षा स्वतः विकलेलं कधीही बरं. लिलावाची नोटीस प्रसिद्ध होईपर्यंत पूर्ण थकबाकी भरून घर सोडवता येतं, पण तोवर भाव पाडून मागणारे जमलेले असतात.

दांडिया बाजार किंवा रावपुऱ्यात आजोबांच्या नावावरचा वाडा असेल, तर वरचं सगळं बाजूला ठेवा. सिटी सर्वेला वारसाई चढलेली नाही, दोन चुलतभाऊ पुण्यात, एक आत्या सही देत नाही. अशा घराची किंमत कोटभर असली तरी त्यावर बँक लाखही देणार नाही.

पगार पक्का असेल तर लहान मुदतीचा टॉप-अप. पगारच घटला असेल तर घर गहाण टाकून कार्डं फेडू नका. त्यापेक्षा सेटलमेंटचा ताप सोसा, नाहीतर वेळेवर विका. मांजलपूरकराची नोकरी पक्की आहे, म्हणून त्याला पाच वर्षांचा टॉप-अप सांगितला. अट एकच घातली, की तिन्ही कार्डं बंद केल्याची पत्रं मला आणून दाखवायची. दोन आली. तिसऱ्यावर म्हणे दिवाळीची गोव्याची तिकिटं काढलेली आहेत.