भागीतलं ग्लायडर: को-ओनर म्हणून नोंदवावं की एलएलसीच्या नावावर?

अमेरिकेत तिघाचौघांनी मिळून ग्लायडर, म्हणजे बिनइंजिनाचं विमान, घ्यायचं पक्कं झालं असेल, तर एफएएच्या (तिथल्या विमान वाहतूक खात्याच्या) ८०५०-१ या नोंदणी अर्जावर कुठल्या चौकोनात खूण करायची हे पैसे देण्याआधी ठरवा. नंतर बदलता येतं, पण तो बदल म्हणजे नवं बिल ऑफ सेल (विक्रीखत) आणि नवा अर्ज. व्यवहारात पर्याय दोनच: सगळ्यांची नावं को-ओनर, म्हणजे सहमालक, म्हणून घालायची, किंवा एलएलसी (मर्यादित जबाबदारीची कंपनी) काढून तिच्या नावावर नोंदवायचं. ‘पार्टनरशिप’ असाही एक चौकोन आहे, आणि बोलताना आपण भागीदारीच म्हणतो, म्हणून हात तिकडे जातो. त्या प्रकारात प्रत्येक भागीदार अमेरिकन नागरिक असावा लागतो. एकजण जरी ग्रीन कार्डावर असला तरी अर्ज टिकत नाही.

आपल्या मंडळींच्या गटात नागरिक आणि ग्रीन कार्डवाले एकत्र असतात, म्हणून हा हिशेब आधी करा. को-ओनरला ग्रीन कार्ड चालतं. एच-१बी चालत नाही. एलएलसीत मात्र ग्रीन कार्डवाला नागरिक धरला जात नाही. मतांचा किमान ७५ टक्के वाटा नागरिकांकडे हवा, कारभार पाहणाऱ्यांत दोन-तृतीयांश नागरिक हवेत आणि प्रत्यक्ष ताबाही नागरिकांचाच हवा. चौघांत समान वाटे आणि एकजण ग्रीन कार्डावर, तर बरोबर ७५ टक्के होतात आणि जमतं. तिघांत एकजण असेल तर ६६ टक्क्यांवर अडतं. अशा वेळी मतांचे वाटे वेगळे लिहावे लागतात, नाहीतर सरळ को-ओनर व्हावं.

हा अडसर नसेल, तर माझ्या मते निकाल एकाच गोष्टीवर लागतो: सह्या.

को-ओनर पद्धतीत अर्जावर प्रत्येक मालकाची सही लागते. एकजण दुसऱ्या राज्यात बदलून गेला आणि त्याने आपला वाटा विकला, की त्याच्या सहीचं ८०५०-२, म्हणजे बिल ऑफ सेल, आणि शिवाय उरलेल्या व नव्या अशा सगळ्यांच्या सह्यांचा ताजा ८०५०-१ ओक्लाहोमा सिटीला एफएएच्या रजिस्ट्रीकडे, म्हणजे नोंदणी कार्यालयाकडे, पाठवायचा. फी फक्त ५ डॉलर. वेळ जातो तो कागद जुळवण्यात. आपल्याकडे मधलं नाव वडिलांचं. एका कागदावर ते पूर्ण, दुसऱ्यावर नुसतं आद्याक्षर, तिसऱ्यावर गायब. बिल ऑफ सेलवरचं नाव आधीच्या नोंदीशी जुळलं नाही की मालकीची साखळी तुटल्यासारखी दिसते, कागद परत येतात आणि पुन्हा चौघांच्या मागे लागावं लागतं. गट जितका मोठा, तितकी कुणीतरी एक सही चुकवण्याची शक्यता जास्त. एखाद्या भागीदाराचं निधन झालं, तर त्याच्या वारसांचे कागदही याच साखळीत जोडावे लागतात. ही कटकट पाहिली, की बाकीचे मुद्दे मला दुय्यम वाटू लागतात.

एलएलसीत मालक बदलतच नाही. सभासद आला किंवा गेला, तर बदल एलएलसीच्या करारात होतो. ग्लायडरची मालकी जिथे होती तिथेच राहते. अट एवढीच, की वरचं ७५ टक्क्यांचं गणित दर बदलानंतर पुन्हा तपासायचं. अर्जावर एकच सही पुरते, पण सहीसोबत ‘मॅनेजर’ किंवा ‘मेंबर’ असं पद लिहा. पद लिहायचं राहिलं की कागद परत येतो. सुरुवातीला एलएलसीची माहिती देणारं निवेदनही जोडावं लागतं: कुठल्या राज्यात, कधी स्थापन झाली, सभासद कोण, कारभार कोण पाहतो.

याची किंमत राज्य वसूल करतं. कॅलिफोर्नियात वर्षाला किमान ८०० डॉलर कर आहे, ग्लायडर उडो वा ट्रेलरमध्ये पडून राहो. शिवाय दर दोन वर्षांनी माहितीपत्रक आणि २० डॉलर. ते चुकवलं आणि राज्याने एलएलसी निलंबित केली, की विक्रीच्या वेळी कायदेशीर पेच उभा राहतो. दोघांच्या जुन्या, स्वस्त ग्लायडरला हा खर्च परवडत नाही. तिथे को-ओनरच बरं. आणि एक गैरसमज: एलएलसी असली तरी वैमानिकाच्या स्वतःच्या चुकीची जबाबदारी त्याच्यावरच राहते. केवळ त्या भीतीपोटी ती काढू नये.

नूतनीकरणात दोन्हींत फारसा फरक नाही. जानेवारी २०२३ पासून नोंदणीची मुदत तीनऐवजी ७ वर्षांची झाली, आणि इथेच घोटाळा होतो. सात वर्षांत माणसं घरं बदलतात. मुदत संपण्याच्या सुमारे सहा महिने आधीची सूचना नोंदीतल्या पत्त्यावर जाते, आणि तो पत्ता गट सोडून गेलेल्याचा असतो. पत्ता बदलल्यास ३० दिवसांत रजिस्ट्रीला कळवायचं असतं. पोस्ट बॉक्स दिला तर राहत्या जागेचा पत्ताही लागतो. मुदत टळली, तर नवा अर्ज मंजूर होऊन नोंदणी पुन्हा होईपर्यंत ग्लायडर ट्रेलरमध्येच राहतं.

चार किंवा जास्त जण असतील, सगळे किंवा जवळपास सगळे नागरिक असतील आणि माणसं बदलत राहण्याची शक्यता असेल, तर मी एलएलसीकडे झुकेन. करार लिहिताना दोन कलमं त्यात पहिल्याच दिवशी घाला: बाहेर पडणाऱ्याचा वाटा कोण आणि कशा भावाने घेणार, आणि रजिस्ट्रीतला पत्ता सांभाळायची जबाबदारी कुणा एकाची.